बेसिनशेजारचा बेड

वहिनी : बेसिनला हात लावायचा नाही. विषय संपला.

नणंद : वहिनी, दोन मिनिटं ऐकून तरी घे.

वहिनी : इथे वहिनी म्हणायचं नाही, कितीदा सांगू? या आयसीयूत मी इन्चार्ज सिस्टर आहे. वहिनी घरी. आणि तूही इथे नणंद नाहीस, इन्फेक्शन कंट्रोलवाली आहेस. हात धुवा, हात धुवा करत सगळ्यांच्या मागे लागणारी.

नणंद : बरं. इन्चार्ज सिस्टर, तुमच्या आयसीयूतलं बेसिन बंद करायचंय. आजच्या आज. नळ बंद, पाइप काढायचा, भोक बुजवायचं.

वहिनी : आणि माझ्या नर्सेसनी हात कुठे धुवायचे? तुझ्या डोक्यावर?

नणंद : बाहेर पॅसेजमध्ये बेसिन आहे. आत प्रत्येक बेडला हाताला चोळायचं औषध लावून दिलंय.

वहिनी : पॅसेजमध्ये! अगं, हे बेसिन आत यावं म्हणून किती वर्षं भांडले मी, आहे का ठाऊक? सुपरिंटेंडेंट बदलत गेले, मी आपली तीच. प्रत्येकाच्या टेबलासमोर उभी राहून तेच रडगाणं. शेवटी एकाला तोंडावर म्हटलं, आयसीयूत एक बेसिन नाही आणि साहेबांच्या केबिनला दोन, लाज वाटते का? तेव्हा कुठे मिळालं. आता मोठमोठे सर्जन मुकाट्याने बाह्या सरसावून हात धुतात, ते माझ्या धाकाने. आणि तू म्हणतेस, काढून टाका.

नणंद : तुझ्यामुळेच धुवायला लागले सगळे. ते कोण नाकारतंय? पण...

वहिनी : तुझा हा 'पण' आला की माझं डोकं उठतं. मागच्या वेळी पडदे बदला. त्याच्या आधी मोबाइल. त्याच्या आधी डॉक्टरांच्या मनगटावरची घड्याळं. सगळं केलं की नाही मी? लोकांच्या शिव्या खाल्ल्या. गेला का तुझा तो जंतू?

नणंद : नाही गेला. म्हणूनच आलेय. पेशंट बदलतात, जंतू तोच. आणि दर वेळी याच टोकाला, बेसिनच्या बाजूच्या बेडवर. खिडकीकडच्या टोकाला एकदाही नाही. आणि आज सकाळी आईचा रिपोर्ट आला.

वहिनी : वाचलाय मी तो.

नणंद : मग तूच सांग, काय आहे त्यात.

वहिनी : मला परीक्षेला बसवू नकोस. आईंच्या छातीत तोच निघालाय. एकूण एक अँटिबायोटिक त्याच्यापुढे फुकट, एक सोडून. आणि ते एक किडनीला जड. आईंच्या किडन्या आधीच कशाबशा चालतायत. झालं समाधान?

नणंद : समाधान कसलं? माझी आई आहे ती.

वहिनी : आणि माझी कोण? शेजारीण?

नणंद : तसं नाही गं. पोटाचं ऑपरेशन छान झालं होतं, घशातली नळी निघाली होती, बोलायला लागली होती. घरी न्यायची भाषा चालली होती आपली. ती इथे आली तेव्हा हा जंतू तिच्याकडे नव्हता. इथे मिळाला.

वहिनी : इथे म्हणजे माझ्याकडे. स्पष्ट म्हण ना.

नणंद : बेसिनमध्ये. पडदा ओढ आणि लाइट घालव.

वहिनी : काय?

नणंद : सकाळी आईला बाजूच्या खोलीत हलवलं, बेड रिकामा झाला, तेव्हा मी बेसिनच्या भोकात रंग ओतून ठेवला. एरवी दिसत नाही तो, पण या निळ्या टॉर्चखाली चमकतो. त्यानंतर तुझ्या नर्सेसनी नेहमीसारखे हात धुतलेत. बास, एवढंच. आता लाइट घालव.

वहिनी : आयसीयूत अंधार करून भुताटकीचे खेळ! एवढंच राहिलं होतं माझ्या नशिबात. घालवते. पण फक्त या बाजूचा.

(लाइट जातो.)

वहिनी : अगं बाई.

नणंद : हे बेसिनच्या कडेचं सोड, तिथे शिंतोडे उडणारच. इकडे बघ. इंजेक्शनचा ट्रे.

वहिनी : झाकलेला असतो तो.

नणंद : झाकणावर आहे. झाकण हातानेच उघडतात ना? आता बेडचा कठडा बघ.

वहिनी : उशीवर पण आहे.

नणंद : उशीवर पण. नळाची धार नेमकी भोकावर पडते. आतलं पाणी उसळतं आणि बारीक थेंब उडत राहतात. हात स्वच्छ होतात, आणि बाकी सगळ्यावर हे.

वहिनी : पण मी रोज जंतुनाशक ओतते त्यात. दुसऱ्या कुणावर विश्वास नाही म्हणून स्वतः ओतते.

नणंद : वरचे मरतात. पाइपच्या वाकात शेवाळासारखा बुळबुळीत थर धरलेला असतो, त्याच्या आतले मजेत राहतात. दुसरा दिवस उजाडेपर्यंत पुन्हा जैसे थे. आणि त्या भोकात आणखी काय काय जातं, ते सांग.

वहिनी : काय जाणार?

नणंद : उरलेली इंजेक्शनं.

वहिनी : हो, जातात. माझाच नियम आहे. अर्धी बाटली ट्रेवर पडून राहिली की कुणीतरी घाईत तीच उचलतं आणि भलत्याच पेशंटला टोचतं. म्हणून उरलं की लगेच ओतून टाकायचं, माझ्या डोळ्यांदेखत. यात काय चुकलं?

नणंद : ट्रेवर ठेवायचं नाही, हे बरोबरच आहे. पण ओतायचं नाही. त्याचा वेगळा डबा दिलाय आम्ही.

वहिनी : तो डबा तुम्ही जिन्याखाली ठेवलाय! एवढ्याशा औषधासाठी नर्सने आपला पेशंट वाऱ्यावर सोडून जिना उतरायचा? नियम करणाऱ्यांनी एकदा तरी इथे ड्यूटी करावी.

नणंद : ते आमचं चुकलं. मान्य. पण त्यामुळे झालं काय, की आपल्याकडचं प्रत्येक अँटिबायोटिक त्या पाइपला रोज थोडं थोडं मिळत गेलं. सगळे मरायला पुरेल एवढं नाही, सरावायला पुरेल एवढं. कच्चे होते ते मेले, राहिले ते निगरगट्ट. आणि एकाला औषध पचवायची युक्ती सापडली की तो ती शेजारच्यालाही देऊन टाकतो. आपल्याकडे एका डॉक्टरचं दुसऱ्याला कळत नाही, आणि यांचं बघ.

वहिनी : पुरे. लाइट लावते.

दादा : इथे आहात होय दोघी! मी तिकडे आईपाशी एकटा, या झग्यात उकडून निघालोय. आणि तुम्ही अंधारात काय करताय?

वहिनी : अहो, तो झगा घालून बाहेर कसे आलात? तो तिथेच, आत काढायचा असतो! थांबा. पाऊल पुढे टाकू नका. कशाला हात लावू नका.

नणंद : दादा, आधी परत जा, तिथल्या दारापाशी झगा काढ, लाल पिशवीत टाक आणि हाताला औषध चोळ. अंगठ्यांना पण. मग ये.

दादा : घरी एक एक करून ओरडता, इथे दोघी मिळून. जातो. ... हं, आलो. चोळलं. अंगठ्यांना पण चोळलं. आता माझं ऐका. माझ्या ओळखीत एक मोठा केमिस्ट आहे. तो म्हणाला, काळजी सोडा, मार्केटमधलं सगळ्यात स्ट्राँग इंजेक्शन पाठवतो. हे बघ, नाव पाठवलंय.

नणंद : हे नाही चालत, दादा. आईच्या जंतूवर याचा काही परिणाम होत नाही. रिपोर्टमध्ये आहे.

दादा : मग याच्या वरचं आणू.

नणंद : वरचं, खालचं असं नसतं रे. चालणारं जे एक उरलंय, ते सकाळपासून चालू केलंय.

दादा : एकच? एवढं मोठं हॉस्पिटल, एवढी मशिनं, आणि औषध एक? मग ते तरी दुप्पट द्या!

वहिनी : दुप्पट दिलं तर किडन्या जातील त्यांच्या. आत्ता देतोय तेच भीत भीत देतोय.

दादा : आणि नाही लागू पडलं तर? मला सरळ सांगा. मी घरचा माणूस आहे, तुम्ही बाहेर बसवून ठेवता तसला पेशंटचा नातेवाईक नाही.

नणंद : नाही लागू पडलं तर दुसरं काही नाही, दादा.

दादा : चालत आली होती ती इथे. स्वतःच्या पायांनी. रिक्षातून उतरताना माझा हातसुद्धा धरला नव्हता.

नणंद : हो.

दादा : मग हे आलं कुठून?

नणंद : या बेसिनमधून.

दादा : हात धुवायच्या? आणि त्याला चिकटून झोपवलंत तिला? त्या दिवशी निम्मी आयसीयू रिकामी होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तिकडे खिडकीजवळ चांगला बेड होता. ऐसपैस. हा बेड कुणी दिला तिला? मला नाव पाहिजे. मी लेखी तक्रार करणार आहे.

नणंद : दादा, तेव्हा कुणाला माहीत होतं...

दादा : तू मध्ये पडू नकोस. तुमच्या लोकांना सांभाळून घ्यायची सवय झालीय तुला. कुणी दिला?

वहिनी : मी.

दादा : तू?

वहिनी : माझ्या टेबलाच्या बरोबर समोर येतो म्हणून. लिहिता लिहिता मान वर केली की त्यांचा चेहरा दिसतो. सगळे म्हणत होते, खिडकीजवळ द्या, उजेड आहे. मी म्हटलं, उजेड गेला खड्ड्यात, माझ्या नजरेसमोर राहू देत. लिहा तक्रार. माझं नाव ठाऊकच आहे तुम्हाला.

नणंद : वहिनी, बस जरा.

वहिनी : बसायला वेळ नाही. प्लंबरला फोन लाव. बेसिन काढताना मी समोर उभी राहणार, भोक बुजेपर्यंत. शेजारच्या दोन्ही पेशंटना आधी खिडकीकडे हलवायचं, मग काम. ट्रे, कठडे, गाद्या, सगळं पुसून काढायचं. आणि तो जिन्याखालचा डबा वर आण. तू स्वतः आण.

नणंद : आणते. आत्ता आणते.

दादा : अगं...

वहिनी : आता काय राहिलं?

दादा : काही नाही. तक्रार वगैरे मी आपलं रागात बोललो. खरं तर आईचा निरोप सांगायला आलो होतो, तुमच्या आरडाओरड्यात राहून गेलं.

वहिनी : काय म्हणतायत?

दादा : मघापासून एकच धोशा लावलाय. परत आपल्या बेडवर कधी नेणार म्हणून. त्या खोलीत नुसती भिंत आहे म्हणते. इथून सून दिसायची.

नणंद : वहिनी, तू जा तिच्याकडे. प्लंबरपाशी मी थांबते.

वहिनी : जाते. त्यांना काय सांगायचं, ते सुचू दे आधी.