त्रेचाळिसाव्या लग्नाआधी

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या रिसॉर्टच्या महाव्यवस्थापक माननीय मेघा मॅडम, मुख्य कार्यालयातून खास या कार्यक्रमासाठी आलेल्या संजना मॅडम, आजचे सत्कारमूर्ती आणि आपले अनुभव व्यवस्थापक श्री. केतनसाहेब, स्वयंपाकघर, बाग, धुलाई आणि सुरक्षा या खात्यांतले माझे सहकारी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे दाराशीच उभी असलेली वाडीवरची मंडळी, सर्वांना नमस्कार. घरच्यांना जय भीम.

मी जगदीश. गाड्यांचं खातं माझ्याकडे आहे. बारा वर्षं पाहुण्यांना कर्जत स्टेशनवरून आणतोय, सहलीला नेतोय आणि परत सोडतोय. मला चार मिनिटं दिली आहेत. मॅडम, मी वेळ पाळणारा माणूस आहे, पण रस्त्यात ट्रक आडवा आला तर माझा इलाज नसतो.

केतनसाहेबांबद्दल चांगलं बोलायचं असं ठरलंय आणि मी ते बोलणारच आहे. त्याआधी एक गोष्ट मोकळी करतो, नाहीतर माझं लक्ष लागणार नाही. उद्या शनिवार. संध्याकाळी सहाला हिरवळीवर ‘आदिवासी विवाह सोहळा’ आहे. तीस पाहुण्यांनी नावं दिलीत. आणि नवरी, म्हणजे आपल्या धुलाई खात्यातली नंदा, म्हणते की मी उभी राहणार नाही. तिला कार्यालयातून निरोप गेलाय की उभी राहा, नाहीतर सोमवारपासून येऊ नको. कारण विचारलं तर ती खाली बघते. कारण मला माहीत आहे. ते ओघात येईल.

तर केतनसाहेब. तीन वर्षांपूर्वी ते आले तेव्हा आपल्याकडे काय होतं? पोहायचा तलाव, कॅरम आणि मी. पाहुणा विचारायचा, इथं बघण्यासारखं काय आहे? मी म्हणायचो, डोंगर. तो म्हणायचा, तो तर खोलीतूनच दिसतो. विषय तिथंच संपायचा. केतनसाहेबांनी चामड्याच्या वेष्टनातली पुस्तिका काढली आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं की आपण किती अनुभवांच्या मधोमध राहतोय. डोंगर चढणं हे आमच्या लेखी दमणं होतं, साहेबांनी त्याचा ‘पहाटेचा मौनविहार’ केला. चिखलात उतरणं हे काम होतं, त्याचा ‘मातीशी संवाद’ झाला. हा संवाद वाडीवरच्या पांडूच्या खाचरात चालायचा. पाहुणे तासभर भात लावायचे, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी पांडू सगळं उपटून पुन्हा लावायचा. मला म्हणाला, “जगदीश, पाव्हने लई गुनाचे हायेत रं. पन रोपाचं डोकं कुठलं नि पाय कुठलं, येवढं तरी सांगत जा त्यांना.”

या पुस्तिकेतून निवड करणं सोपं नाही बरं का. मी रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी उभा असतो, मला विचारा. नवरा-बायको पुस्तिका मध्ये ठेवून बसतात, अगदी जन्माचा प्रश्न असल्यासारखे. परवा एक गृहस्थ म्हणाले, “मौनविहार घेऊ या का?” बाई म्हणाल्या, “तुला दोन तास गप्प राहता येईल?” ते म्हणाले, “तुला येईल?” पुढे दोघांनीही जे मौन धरलं ते खोली सोडेपर्यंत. त्याचे पैसे आपण लावले नाहीत.

शेवटी सगळे माझ्याकडेच वळतात. “जगदीश, यातलं खरं खरं कुठलं?” एकाला मी म्हटलं, रसायनीला नेतो, माझा भाऊ तिथल्या कारखान्यात तिन्ही पाळ्या करतो, त्याच्या बसमधून फिरून या. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. दुसऱ्या एका बाईंना घरगुती जेवण हवं होतं, म्हणून मी त्यांना भिसेगावला माझ्या घरी घेऊन गेलो. माझ्या बायकोने, पौर्णिमाने, प्रेमाने आम्लेट-पाव केला. बाईंचा चेहरा पडला. “तुमच्याकडे चूल नाही?” पौर्णिमा म्हणाली, “आमच्याकडे गॅस आहे. चूल तुमच्या रिसॉर्टात आहे, तिथं बघा.” मग त्यांचं लक्ष भिंतीवर गेलं. बुद्ध दिसल्यावर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, अय्या, हे तर स्पामध्येही आहेत. खरंय. स्पामध्ये त्यांच्यासमोर टॉवेल ठेवतात आणि आमच्याकडे हात जोडतात, एवढाच फरक आहे. मला तेव्हा राग आला होता, तो मी आज इथं जाहीरपणे व्यक्त करून मोकळा होतो. क्षमस्व, संजना मॅडम.

पण केतनसाहेबांना या कशाने समाधान नव्हतं. त्यांना खरी भावना हवी होती. गेल्या वर्षी एका रात्रीत त्यांना लग्नाची कल्पना सुचली. वाडीतलं लग्न, दर शनिवारी, हिरवळीवर. नवरी नंदा. नवरा आपल्या बागेतला गोमा. मी म्हटलं, बापाचं काम सुरक्षा खात्यातल्या गजाला देऊ. साहेब म्हणाले, “काका, अभिनय नको. बाप खराच पाहिजे.” मग नंदाचा सख्खा बाप नागू याला रोजावर आणलं. दर शनिवारी त्याने पोरीचा हात गोमाच्या हातात द्यायचा आणि डोळे पुसायचे. डोळे पुसायचं कागदावर लिहिलेलं होतं.

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं. वाडीतलं लग्न कुणी भटजी लावत नाही. म्हातारी धवलारीण गाणं म्हणते आणि तिच्या गाण्याने लग्न लागतं. इथली धवलारीण म्हणजे बुधीआजी. मी तिला विचारायला गेलो तेव्हा ती माझ्यावर अशी उखडली की काय सांगू. “गानं म्हनलं का लगीन लागलं. ते काय परत सोडता येतं व्हय? दर शनवारी त्या पोरीचं लगीन लावू मी?” मी म्हटलं, आजी, मग दुसरं काहीही म्हण, त्यांना काय कळतंय. हे माझं पाप आहे, ते मी कबूल करतो. आजीने मान डोलावली आणि दर शनिवारी ती त्या मांडवात जे सुचेल ते गायला लागली. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलंय, पण दाराशी उभ्या असलेल्यांनाच ते समजलंय.

आली गं गाडी, काळ्या काचंची,
आदी उतरलं प्वाट, मंग उतरला पाव्हना,
पाव्हनीला इचारा, ह्यो कुनाच्या घरचा?

यावर पाहुणे डोळे मिटून बसायचे. एक बाई तर ढसाढसा रडल्या. केतनसाहेबांनी मला अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘वनदेवतेला आवाहन’. ते पुस्तिकेत छापलंय, पान अकरा. साहेब, माफ करा.

एकेचाळीस शनिवार असंच चाललं. पण साहेब, दर शनिवारी दोन तरुण माणसं हळद लावून शेजारी शेजारी बसवली की काय होतं, हे पुस्तिकेत कुणी लिहिलं नव्हतं. नंदाचं आणि गोमाचं जमलं. खरंच जमलं. नागूला कळलं तेव्हा त्याने पोरीशी बोलणं टाकलं. त्याने कुंभिवलीच्या एका टेंपोवाल्याला शब्द दिला होता. गोमाकडे काय आहे? आपली कात्री आणि आपलाच पाइप. नागू मला म्हणाला, “जगदीश, मी शनवारी देतो त्यो खेळ हाय. पोरगी मी त्याला देनार नाय.” आठवड्याचे सहा दिवस बाप पोरीशी बोलत नव्हता आणि सातव्या दिवशी, पगारी, तिचा हात त्याच गोमाच्या हातात देत होता.

नागू, पुढचं सांगू का रं? मान हलवतोय. सांगतो.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी नंदा बुधीआजीकडे गेली. म्हणाली, “आजी, उद्या खरं म्हन.” आजी म्हणाली, “म्हनीन. पन बापानं मनानं हात दिला तरच फुडचं म्हनीन गं. न्हाय दिला तर मधीच थांबन, मग तुजं तू बघ.” हे मला नंदानेच सांगितलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

बेचाळिसावा शनिवार. चाळीस पाहुणे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. आजीने तोंड उघडलं. पहिलीच ओळ निघाली आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या ज्या वाडीवरच्या बायका भांडी घासत होत्या, त्या हात ओले तसेच घेऊन बाहेर आल्या. नागू उभा होता तिथंच खिळला. त्याला पहिल्या शब्दाला कळलं. त्याच्या आईने त्याच्या लग्नात तेच म्हटलं होतं. हात द्यायची वेळ आली आणि तो काही हात उचलेना.

केतनसाहेब बांबूच्या आडोशाला वॉकीटॉकी घेऊन होते. मला म्हणाले, “काका, नागू विसरला वाटतं. जवळ जाऊन आठवण करा.” मी जवळ गेलो. आजीचं कडवं संपत आलं होतं आणि ती नागूकडे बघत होती. मी समोर नाहीच अशा थाटात नागू पोरीला म्हणाला, “नंदे, खरं हाय का गं?”

“खरं हाय, बा.”

“ह्याच्या घरात पानी येत नाय. डोंगरावरून आनावं लागंल.”

“आनीन.”

मग तो गोमाकडे वळला. म्हणाला, “दोघं आना.” गोमा म्हणाला, “दोगं आनू, मामा.”

वॉकीटॉकीवर साहेब परत बोलले, “काका, आठवलं का त्याला?” मी म्हटलं, “साहेब, आठवलंय त्याला.”

आणि नागूने पोरीचा हात धरला. गोमाच्या हातात दिला. आजीने पुढचं कडवं उचललं. नागू रडला, मंडळी. कागदावर लिहिलं होतं ते डोळे पुसणं वेगळं आणि हे वेगळं. माझ्या दोन पोरींची लग्नं झालीत, मी गाड्यांच्या शेडमागे जाऊन तोंड धुतलं.

आता केतनसाहेब माझ्याकडे असे बघतायत, कारण त्यांना हे आत्ता, या क्षणाला कळतंय. साहेब, तुम्हाला त्या शनिवारचे पाहुण्यांचे अभिप्राय आठवतायत? मला पाठ आहेत. ‘सोहळा कृत्रिम वाटला.’ ‘वडिलांचा अभिनय अतिरंजित.’ ‘नवरीने कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही.’ एका बाईंनी लिहिलं, ‘मागच्या व्हिडिओतलं गाणं जास्त अस्सल होतं.’ पाचपैकी दोन तारे. तेच दोन तारे मुख्य कार्यालयात पोहोचले आणि त्यावरून आपली राजस्थानला बदली झाली. पत्रात ‘अस्सलपणाचा अभाव’ असा शब्द आहे असं कळतं. संजना मॅडम, पत्र आपल्या सहीचं आहे, म्हणून मी अधिक बोलत नाही.

म्हणजे केतनसाहेबांनी तीन वर्षं खरी भावना, खरी भावना म्हणून जीव काढला, एकदाच ती हिरवळीवर आली, आणि तिच्यामुळेच त्यांना जावं लागतंय. हसू नका. मला वाईट वाटतंय. हा पोरगा पाहुण्यांच्या नादात वाहवला, पण वाडीवरच्या माणसाला त्याने कधी अरे-तुरे केलं नाही, आणि पाऊस असो वा ऊन, मांडवाची दोरी स्वतः बांधली.

आता मूळ मुद्दा. लागलेलं लग्न परत लावत नाहीत. एक शनिवार नंदाने ताप आणला. दुसऱ्या शनिवारी सजावटीचा टेंपो बंद पडला, तो मी पाडला. आता निमित्तं संपली. परवा कार्यालयात कुणीतरी सुचवलं, नंदा नको तर गोमाशेजारी दुसरी मुलगी बसवा. त्यावर नंदाचं तोंड जसं झालं तसं कुठल्याही बाईचं झालं असतं. ती काय मागतेय? पगारवाढ नाही, सुट्टी नाही. आपलं लग्न विकू नका, एवढंच मागतेय, आणि कामावर राहू द्या.

केतनसाहेब, तुमचा कार्यभार आज सात वाजेपर्यंत तुमच्याकडे आहे. मी कार्यालयात विचारून आलोय. सहलींची यादी तुमच्या त्या मोबाइलमधून बदलते. आता सहा वाजून चाळीस मिनिटं झालीत. सत्काराला शाल-श्रीफळ मिळालं, मान मिळाला, आता आमच्याकडून एक विनंती घ्या. तो सोहळा यादीतून काढून टाका.

काय म्हणालात? त्या जागी काय लिहू? काही लिहू नका, साहेब. शनिवारी सहाला पाहुण्यांना सांगू, आज काही नाही, खुर्च्या मांडल्यात, बसा. माझी खात्री आहे, दोन-चार जण तरी बसतील.

अध्यक्ष महोदया, आपली परवानगी गृहीत धरून बोललो. आपण आत्ता पाण्याचा ग्लास उचललात, त्याला मी अनुमोदन समजतो. संजना मॅडम, नंदा कामावर राहील, हे आपण मुंबईला जाण्याआधी तिला स्वतः सांगाल अशी आशा आहे. ती ती, निळ्या साडीतली.

चार मिनिटांची सोळा झाली. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, कुणाचं गुपित उघडं पडलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. केतनसाहेब, तुम्हाला राजस्थानात चांगली माणसं भेटोत. तिथं काही खरं घडताना दिसलं, तर त्याची वेळ छापू नका.

झालं का, साहेब? दाखवा इकडे. चष्मा... हां.

नंदा, काढलं गं.