टाकीवरचा पंचनामा

मी उगाच चिडतो म्हणता ना, मग हे ऐका. अतिवृष्टीत धावड्याच्या सुभद्रामावशींचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. पीक विम्यासाठी नुकसानीचा फोटो ॲपमधूनच काढावा लागतो आणि त्याला रेंज लागते. शेतात रेंज नाही. ग्रामपंचायतीत सरकारी ब्रॉडबँडचा डबा आहे, पण गावात तीन दिवस वीजच नव्हती. शेवटी मावशी गावच्या पाण्याच्या टाकीवर चढल्या आणि तिथून बुडालेल्या शेताचा फोटो पाठवला.

आठवड्याने पाहणीला आलेला साहेब मोबाईलमधला नकाशा बघत थेट टाकीवर चढला. मी आणि मावशी खाली उभे.

"सायेब, शेत तिकडं वढ्याकाठी हाय!" मावशी ओरडल्या.

"ॲपमध्ये फोटोचं ठिकाण हेच आहे, मावशी. मला दुसरीकडं जाता येत नाही."

"मंग टाकीवर कोण सोयाबीन पेरतं?"

"तेच लिहितोय."

तो उतरताच मी त्याच्या हातातला कागद हिसकावला. लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष पाहणीत सदर ठिकाणी पीक आढळले नाही.'