चांगुणा भोये हिने पाहिलेली दीर्घिका

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय प्राचार्य महेश सर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, भौतिकशास्त्र विभागातील माझे सहकारी, शहरातून आणि वणी-देवळ्याहून वेळ काढून आलेले माजी विद्यार्थी, आणि मागे उभं राहून ऐकणाऱ्या मुलामुलींनो,

बत्तीस वर्षं मी याच सभागृहात इतरांच्या निरोपाला टाळ्या वाजवल्या. आज माझ्यासाठी वाजल्या. माझे विभागातले सहकारी शेखर सर यांनी आत्ताच माझ्याबद्दल फार चांगलं सांगितलं. त्यांनी एका शोधाचा उल्लेख केला, 'मोहिनी मॅडमच्या नजरेला सापडलेली दीर्घिका' असं ते म्हणाले. अध्यक्ष महोदय, ती माझ्या नजरेला सापडली नव्हती. आज हे सांगितलं नाही, तर मग कधी सांगणार?

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. अशा शेकडो दीर्घिका एकत्र असल्या की त्या समूहाचं वस्तुमान इतकं प्रचंड होतं, की मागून येणारा प्रकाश त्याच्याजवळून जाताना वाकतो. समूह भिंगासारखं काम करतो. त्याच्या खूप मागे असलेली, एरवी दिसलीच नसती अशी दीर्घिका आपल्याला मोठी, ताणलेली आणि कधीकधी दोन ठिकाणी दिसते. दहा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश असा आपल्यापर्यंत पोचतो.

सात वर्षांपूर्वी आम्ही तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दुर्बिणींची खुली छायाचित्रं तपासायला दिली होती. सुरगाण्याकडची चांगुणा भोये त्यांत होती. वर्गात फारसं न बोलणारी. एक दिवस ती माझ्या टेबलापाशी आली. तिच्या हातातल्या चित्रात अशाच एका समूहाच्या दोन बाजूंना दोन फिकट निळ्या रेघा होत्या.

"मॅडम, ह्या दोन नायत. एकच हाय."

"कशावरून?"

"हिच्यातले ठिपके बघा. हितं मोठा ठिपका डावीकडं, तितं उजवीकडं. आरशात बघितल्यावाणी."

मला त्या आठवड्यात तपासलेल्या चित्रांची यादी पाठवायची होती. मी चित्राकडे नीट पाहिलंही नाही. "छायाचित्रातला दोष असेल. पुढचं घे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, वहीत दोन्ही रेघांची मापं काढून. मी वही न उघडता म्हणाले, "चांगुणा, प्रत्येकाला वाटतं आपल्याला काहीतरी सापडलं." त्यानंतर ती आली नाही. पदवी घेतली आणि वणीजवळच्या एका आश्रमशाळेत शिकवायला लागली.

दोन वर्षांनी व्याख्यानासाठी चित्रं शोधताना तेच चित्र उघडलं, आणि ती म्हणाली होती ते मला दिसलं. शेखर सरांनी आणि मी मोठ्या दुर्बिणीवरच्या लोकांना विनंती केली. दोन्ही रेघांच्या प्रकाशाचं विश्लेषण झालं. अंतर तेच, दीर्घिका एकच. आम्ही दोघांनी शोधनिबंध लिहिला. शेवटी एक ओळ टाकली: 'विद्यार्थ्यांच्या सहकार्याबद्दल आभार.' नाव नाही. मी स्वतःची समजूत घातली होती, की तिने अंदाज केला, सिद्ध आम्ही केलं.

गेल्या विज्ञान दिनाला आपल्या प्रदर्शनात एका आश्रमशाळेची मुलं आली. त्यांच्या बाई चांगुणा होत्या. ते चित्र भिंतीवर लावलेलं होतं. मी मागे उभी होते. ती मुलांना सांगत होती, "ह्या दोन दिसतात ना? मला वाटायचं एकच असंल." मग खालची माहिती वाचता वाचता ती थांबली. वळली, तर समोर मी.

"मॅडम, म्हणजे ती खरंच एकच व्हती?"

"हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"चार वर्षं झाली."

 तिने मुलं मोजली, रांग लावली आणि बसकडे घेऊन गेली.

निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. शेखर सर म्हणाले, "मॅडम, निवृत्तीला वर्ष राहिलंय, कशाला?" आठ दिवसांनी त्यांनीच येऊन त्या पत्रावर सही केली. दोन्ही गोष्टी सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. मागच्या महिन्यात दुरुस्ती छापून आली. लेखकांत पहिलं नाव चांगुणा भोये.

तो कागद आणि एम.एस्सी.चा प्रवेश अर्ज घेऊन मी एसटीने वणीला गेले. तिने कागद दोनदा वाचला.

"नाव आलं, बरं झालं मॅडम. पण त्या दिवशी तुम्ही वहीसुद्धा उघडली नाय. तवापासून मला वाटायचं, माझी नजरच कच्ची. म्हणून पुढं शिकले नाय."

  निघताना मी अर्जाचं विचारलं. "ठेवून जा," म्हणाली. "भरायचा का नाय ते माझं मी ठरवीन." आजचं निमंत्रणही दिलं होतं. तिच्या शाळेत आज परीक्षा आहे.

सहकाऱ्यांनो, उद्यापासून तुमच्या टेबलापाशी कुणी वही घेऊन आलं, तर ती उघडा. एवढंच मागते.

आपण सर्वांनी केलेल्या सत्काराबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर उदार मनाने सांभाळून घ्या. मात्र ती वही न उघडल्याच्या चुकीची माफी मी या सभागृहाकडे मागत नाही. ती देणं तुमच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे त्या बाई या वेळी वर्गात पेपर वाटत असतील. त्यांनी अजून ती दिलेली नाही, आणि मी घाई करणार नाही.

नमस्कार.