फियाटची मागची सीट

— टप्पर? गाडीचं वरचं छत? कापलं ना बाप्पा! गॅस कटरनं कापलं, पुढच्या काचेपासून डिक्कीपर्यंत, अर्ध्या दिवसात. असा काय पाहून राह्यला बे, जित्या जनावराची मान नाही कापली मी, पत्रा होता. नाही त भाजी कशात भरतो मंग, वांग्याचे क्यारेट काय मांडीवर घेऊन बसू? टप्पर काढलं, मागचे दरवाजे काढले, पत्र्याचा हौदा बसवला, इंजिन उपसून जीपचं डिझेल टाकलं. अन् रंग लाल. तुह्या बापाचा तो दुधावरच्या सायीसारखा रंग होता ना — तो खरवडाले लय मजा आली, खोटं काऊन बोलू. हाव, हीच ते. पुंजाजीची फियाट. काय म्हनतो, वळखूच नाही आली? आयकून बरं वाटलं मले. त्याच्यासाठीच त केलं होतं एवढं. रस्त्यावरून हा मागचा शेड दिसत नाही, म्हून लोकायले वाटते मोडीत घातली. तुले कोनी सांगतलं अजून हाय म्हून? माह्या जीवननं? वाटलंच. तिकडं पुन्याले तुह्या खोलीवर येऊन बसते म्हने तो. इकडं येत नाही. फोन येते, त्याच्या मायले येते.

बस, बस. खुर्ची राहू दे, तिचा पाय हालते — इथं ओट्यावरच बस, हवा लागते. सत्यभामा! चहा टाक वं, पुंजाजीचा प्रसेनजित आला. कागदी कपात आनजो — म्हंजे काय हाय, धुवाचा ताप नाही राहत, आजकाल समद्यायकडं कागदीच, तुमच्या पुन्यातही अशीनच. त ओरिजनल कराची म्हनतो तू हिले. टेम्पोही घेऊन आला संगं, वा! कर. कोन अडवते. टप्पर कुठून आनशीन? दरवाजे? ते डॅशबोर्ड पाह्यलं ना, तिथं तुह्या बापानं बुद्धाची मूर्ती चिकटवली होती, मी पान्यानं उपटली त पत्र्याची पपडीच निंघाली संगं, ते भोक अजून तसंच हाय. कंपनीत नव्या गाड्यायचे नकाशे काढतो म्हने तू? मंग तुले काय कठीन हाय बाप्पा. अन् तुले इंजिनियर कराले त इकली त्यानं ही, ठाऊक हाय ना? नाही सांगतलं? तुह्या ॲडमिशनच्या टायमाले इकली. तू कॉलेजात गेला अन् फियाट माह्या अंगनात आली. मी दलालाले पुढं केलं होतं, माहं नाव कळूच देल्लं नाही. कळलं असतं त देल्ली नसती — नाही, देल्ली असती म्हना. तो तसाच होता. हेच त मले त्याचं नाही पटे.

मागची सीट? तिचं काय? लोक इंजिन इचारतात, चेसिस इचारतात, अन् हा सीट इचारते! भंगारवाल्याले देल्ली. पहिल्याच दिवशी, टप्पराच्याही आंधी, सीट उपटली अन् अंगनात फेकली, ने म्हनलं कुठं न्याची तिकडं. तुह्या मायनं, सिंधूताईनं, सांगतलं अशीन तुले. तिनं नाही त गावानं सांगतलं अशीन, गावाले दुसरा धंदा काय हाय. हाव, झाला माहा जीवन त्या सीटवर. झाला त झाला! बाजाराचा दिवस होता, गावातल्या समद्या जीपा बुलढान्याले गेल्त्या, अन् भर दुपारी हिले कळा सुरू झाल्या — हिथंच, ह्याच ओट्यावर आडवी पडली — अन् तुहा बाप न बोलावता गाडी घेऊन दारात उभा. न बोलावता! मी नव्हतो गेलो त्याच्या दारी. तुही माय मागं बसली, हिचं डोकं मांडीवर घेऊन. मी पुढं, पुंजाजीच्या बाजूले, काचेतून रस्ता पाहत. अन् देऊळघाटच्या अलीकडंच मागून पोट्टं रडलं. तुह्या मायनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून गुंडाळलं त्याले. तिच्या लुगड्यात! माह्या घरचा पहिला पोरगा! अन् दुसऱ्या दिवशी तुह्या बापानं ते सीट धुतली अन् दारासमोर वाळत घातली, अख्खं गाव येता-जाता पाहून राह्यलं. मी पैसे घेऊन गेलो. घेतले असते त काय बिघडत होतं त्याचं? भाडं घेतलं असतं त तिथंच मिटलं असतं ना! त म्हने, "भाडं कायचं अर्जुनराव, पोरगं आपलंच हाय." आपलंच! कोनाचं आपलं? त्या दिवसापासून गाव जीवनले फियाट म्हने. "ए फियाट, इकडं ये." शाळेत मास्तर हजेरी घे, त मागून पोट्टे वरडत — फियाट हजर! अन् हा त लाजाचं सोडून तुह्या घरी जाय, गाडीत बसून हॉर्न वाजवे. पट्ट्यानं फोडला मी त्याले, हात दुखेपर्यंत फोडला. तरी जाय.

म्हून घेतली गाडी. नाही, म्हून नाही — भाजीसाठी घेतली, भाजीसाठीच घेतली. अन् रोज सकाळी माल भरला का तुह्या घरावरून न्याचो. बाजाराले रस्ता इकडून सरळ हाय, पर मी तिकडून न्याचो, हॉर्न दाबून धराचो. तो राहे बसेल ओट्यावर. अन् काय करे, सांगू? हात वर करे. आपली गाडी अशी कापलेली, लाल फासलेली, शेनामातीनं भरलेली पाहे, अन् हात वर करून म्हने, "अर्जुनराव, ऑइल पाहत जा." मी म्हनो, आज रडन, उद्या रडन. एकदा रडला असता त मी दुसऱ्या रस्त्यानं गेलो असतो, आईशप्पत. नाही रडला तो. अन् गावाचं पाह्य — लाल करा नाही त हिरवी करा, "पुंजाजीची गाडी आली." मंडीतला व्यापारी म्हने, पुंजाजीच्या गाडीतले वांगे आंधी उतरवा. माहे वांगे! माह्या वावरातले!

कोनत्या दिवशी? तुहा बाप गेला त्या दिवशी? ते… ते त तवाच सांगतलं ना तुह्या मायले. समद्या गावाले सांगतलं. गाडी नांदुऱ्याले गेल्ती, माल घेऊन. असती त देल्ली नसती का? मानूसच हाय ना मी. अन् असतीही, त झोपवलं कुठं असतं त्याले? मागं सीट कुठं होती, वांग्याच्या क्यारेटवर झोपवता? मोटरसायकलवर मधात धरून नेला त्याले लोकायनं, रस्त्यातच गेला. छातीचं दुखनं तसंच राहते, गाडी असती तरी गेला असता. तू तवा परीक्षेले होता ना कुठं? तोंडही नाही पाहाले भेटलं तुले. राहू दे, आता ते काढून काय फायदा. हे धर किल्ली. चालू करून पाह्य, एका सेल्फात उठते. ऑइल पाहत होतो मी, बरं. रोज.

आला चहा. हे काय वं? हे कप काऊन काढले? अबे, हे त तिच्या माहेरचे, बशीवाले, पाव्हन्यायचे, माह्या भावासाठी नाही काढत ही. कागदी सांगतले होते ना तुले? राहू दे, आनले त आनले. घे प्रसेनजित, गरम हाय. मी? मी नाही घेत आता. पाह्यलं, अशी हाय ही. आयकून घेते अन् आपल्याच मनाचं करते. ते सीट काढली तवापासून ह्या गाडीत पाय नाही ठेवला हिनं, माहेराले जाते त एष्टीनं, उन्हातान्हात फाट्यावर उभी राहते. अन् पुंजाजी गेला त्या दिवसापासून त माह्याशी बोलनंच टाकलं. ताट वाढते अन् जाते. म्हनजे काय, एका किल्लीपाई! तुही माय दारात रडून राह्यली, अन् ही मागं किल्ली घेऊन उभी, काढा म्हने शेडातून, आपन नेऊ त्याइले. मी म्हनलं, खुंटीवर ठेव ते, शेडाचं दार उघडलं त तंगडं मोडीन. बाईमानसानं एवढ्याशा गोष्टीचा किती —

…

काय झालं? उठला काऊन? चहा सांडला ना तुह्या पँटावर. बस. बस म्हनतो ना! नांदुऱ्याले? हाव, नांदुऱ्याले गेल्ती. दुसऱ्या दिवशी गेल्ती. नाही, आदल्या दिवशी — अबे किती वर्ष झाले, कोनाले याद राहते! तू काय वकील हाय का उलटतपासनी घ्याले? शेडात उभी होती त होती, माही गाडी होती, माह्या पैशाची. अन् असा पाहू नको माह्याकडं. एक शिवी दे, हात उचल, चालते. तुहा बापही असाच पाहे.

सत्यभामा! तू काय ओढून राह्यली तिकडं? बकऱ्यायच्या गोठ्यात काय हाय तुहं? चादरीत काय गुंडाळलं ते… नाही. नाही वं. ते सीट त मी भंगारवाल्याले देल्ली होती. माह्या डोळ्यानं पाह्यलं त्याचा गाडा गेलेला. गाड्यावरून वापस घेऊन चाऱ्याखाली ठेवली होती का तू? इतके वर्ष, माह्या घरात, मी रोज चारा टाको त्याच्यावर? ठेव खाली. प्रसेनजित, तू तिकडलं टोक सोड. सोड म्हनलं ना, गाडीसंगं घेतली मी, माही हाय ते! अन् तू कुठं चढून राह्यली, त्याच्या टेम्पोत? सीटवर काऊन बसली? उतर खाली, लोक पाहून राह्यले. कोनाकडं? सिंधूताईकडं? काय काम हाय तुहं तिकडं? तिले काही सांगू नको वं. आयक, सत्यभामा, थकली ते बाई, आता सांगून काय भेटते तिले — बोल ना! एवढ्या वर्षात एकदा त तोंड उघड!

अन् तू किल्ली काऊन ठेवून राह्यला ओट्यावर? गाडी न्याले आला ना तू? टेम्पो त्याच्यासाठीच आनला ना? मी नाही कुठं म्हनलं! ने ना. अबे फुकट ने, एक रुपया देऊ नको, टप्पर बसव, सायीचा रंग दे, समद्या गावातून फिरव, वाटलं त माह्या दारासमोर हॉर्न दाबून धर — पर इथं नको ठेवू. इथं ठेवली त लोक आता… प्रसेनजित, आयक त. पुंजाजीची हाय ते. तुह्या बापाची हाय.

बरं. नाही न्याची? नको नेऊ. जा. निंघा माह्या दारातून, दोघंही निंघा! अन् फाटक लावून घ्याजा, बकऱ्या बाहेर जातात.