बाथरूमची भिंत

विजेच्या सामानाच्या दुकानात रांग होती. पुढचे आजोबा आपल्या वायरमनशी हुज्जत घालत होते, आणि मागे उभ्या एका शिक्षिकाबाईंना सगळं ऐकू येत होतं.

"काका, मेन स्विचची पेटी नव्या बाथरूममध्ये चालत नाही. नियमच आहे."

"अरे, झोपायच्या खोलीचा तेवढाच कोपरा मोकळा आहे. हिला लांब चालवत नाही आता."

"मग बाथरूम तिथंच करा, पेटी बाहेर हलवू."

"पेटी चाळीस वर्षं त्याच भिंतीवर आहे. काही झालं का?"

"चाळीस वर्षं तिथं पाणी नव्हतं, काका. काकू चालतात कशा?"

"भिंत धरून."

"आंघोळीनंतरही? ओल्या हातानं?"

आजोबांनी हातातली सामानाची यादी वायरमनपुढे धरली.

"पेटी काढतो, आणि तिथं धरायला दांडा बसवतो."

"जरा खाली बसव हं. हात वर जात नाही तिचा."