आतली आई

दोरीकडे बघताय ना बाई? बघा, सगळेच बघतात. पोरीला बांधून नाही हो घातलेली — एक टोक माझ्या मनगटाला नि एक तिच्या कमरेला, एवढंच, आणि लांब सोडलीय चांगली, त्या तिसऱ्या पायरीपर्यंत जाते ती खेळत. ठकी, काकूंना हसून दाखव. नाही हसायची. असू दे. पिशवी द्या इकडे, लेण्यांत पिशव्या नेऊ देत नाहीत, आणि हा घ्या तुमचा बिल्ला, सतरा नंबर — आणि हा अठरा लेकीच्या गळ्यात घाला. तिच्याकडे पिशवी नाही ते दिसतंय मला, आंधळी नाही मी. तरी घाला. माझ्यासाठी म्हणून घाला, सांगते का ते.

इथलं काम कसं, तर या फळीवर चाळीस खिळे नि चाळीस बिल्ले. माणूस खाली आला की बिल्ला देतो, पिशवी नेतो, बिल्ला परत खिळ्यावर. संध्याकाळी चाळीसही खिळे भरले की मी ही घंटा वाजवते, आणि वर शिपाईमामा जाळीची दारं ओढून कुलपं लावत सुटतात. आत डोकवायचं नाही. कशाला डोकवायचं? बिल्ले आले म्हणजे माणसं आली — सासूबाई इथे बसायच्या तेव्हापासून हेच चाललंय, बावीस वर्षं, एकदा चूक नाही. रिकाम्या हातानं कुणी आलं तर चपला ठेवून घ्यायच्या नि बिल्ला द्यायचा. पण घरच्या पोरीला कोण देतंय बिल्ला?

तर त्या दिवशी ठकी गेली वर आपली खेळत. चार वर्षांचं पोर, पाय ठरतात का एका जागी? गेली ती थेट शेवटच्या लेण्यात, तिथे चित्रं नाहीत, कुणी फिरकत नाही — आणि इकडे चाळीस बिल्ले आले, मी घंटा वाजवली, झालं. पाऊण तास. लोक म्हणतात, पाऊणच तास ना, उजेड होता की अजून. होता ना, बाहेर होता. पहिल्या लेण्यात भर दुपारी आमचे हे दाराशी चकचकीत पत्रा तिरका धरून ऊन आत टाकतात — तेच काम यांचं — तेव्हा कुठे भिंतीवरचे चेहरे दिसतात. आणि ते शेवटचं लेणं तर त्याहून खोल.

मामांनी कुलूप काढून हाका मारल्या, यांनी मारल्या, ओ नाही. मी पायऱ्या चढून जाईपर्यंत माझं काय झालं ते नका विचारू. मग यांनी उरलंसुरलं ऊन पत्र्यावर धरून आत टाकलं, तर ठकी तिथेच. दाराकडे पाठ, मागच्या भिंतीकडे तोंड, मांडी घालून, शाळेत बसावं तशी. डोळे कोरडे. अगं, ओ का दिली नाहीस, तर म्हणते, आई हाक मारेपर्यंत हलायचं नव्हतं ना.

हो — मीच सांगितलं होतं. आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका. गर्दी होती बाई, समोर माणसांची रांग, आणि ही पदराला लोंबतेय, आई हे दे, आई ते बघ, सकाळपासून. म्हटलं, जा वर, त्या शेवटच्या लेण्यात जाऊन बस नि मी हाक मारेपर्यंत हलायचं नाही. ओरडून म्हटलं. मग घंटा वाजवली, चहा ओतून घेतला, पाय लांब केले. इतकी शांतता होती हो. बरं वाटत होतं मला. हे खाली उतरून म्हणाले, ठकी कुठाय — तोवर मला मुलगी आहे हेच आठवलं नव्हतं. पाऊण तास. हे नवऱ्याला नाही सांगितलेलं मी. तुम्हाला कशाला सांगतेय?

नाही, ते राहू दे, ते एक वेळ सहन करेन मी. पण कडेवर घेऊन उतरत होते ना, तर ही माझ्या कानाशी लागून म्हणाली, तू मघापासून माझ्याशी बोलत होतीस ना, आतून? म्हटलं, नाही गं, मी आत्ता आले. तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली, परक्या बाईकडे बघावं तसं. आणि म्हणाली, आतली आई ओरडत नाही.

घुमतो हो आवाज, कळतं मला, दगडात घुमतोच. पण मी तेव्हा खाली होते. घुमायला आधी बोलावं तर लागतं ना कुणीतरी? तेव्हापासून मी इथून ठकी म्हटलं की ती वळते — वर वळते. माझ्याकडे नाही. म्हणून दोरी. म्हणून मी हाक मारतच नाही आता, नुसती दोरी हलवते. तुम्हीही वर गेलात की लेकीला नावानं बोलावू नका, हात धरून ठेवा, दमलात तरी धरून ठेवा.

थांबा. बघितलंत? मान वर केली तिनं. मी हाक मारली का आत्ता? तुमच्याशीच बोलत होते ना मी — हे बघा, दोरी ताणली, मनगटाला लागली. तुम्हाला काही ऐकू — नको, सांगू नका. जा तुम्ही, पिशवी राहील जागेवर, जा बाई. आणि जरा हळू बोला लेकीशी. एकदा ऐकू तरी येऊ दे मला, किती मायेनं बोलावते ती आतली.