शांतपणे विचार करायला गेल्तो

न्हाई, तुम्हीच सांगा, आपल्या जालन्यात माणसानं शांत बसून विचार करावा तरी कुठं? मी हरिओम, नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत हाय, वय एकतीस, आईच्या मते पन्नास. रविवारी जुन्या जालन्यात, मस्तगडला, पोरगी बघायला गेल्तो. प्रियदर्शनी नाव, शाळेत शिकवती. पोहे अजून घशात, अन् आमचा रामराव मामा उठून उभा, ‘पोरगी पसंत, पोरगा पसंत, बोलवा भटजीला, आजच उरकू, खर्चा वाचतो.’ अहो मामा, बैल घेऊन राह्यलो का आपण? अन् तुम्हाला सांगतो, पोरगी मला आवडली होती. लई आवडली होती. पण जन्माचा सवाल, म्हणून हात जोडून म्हणालो, चार दिवस द्या, विचार करून कळवतो.

पोरीच्या बापानं कप खाली ठेवला. आता स्थळ बघायला गेल्यावर ‘विचार करून कळवतो’ म्हणजे नकार, हे लहान लेकरूबी जाणतं म्हणे. असंल. मला फक्त शांतपणे विचार करायचा होता.

घरी कुठला विचार? इकडं आई रडून राह्यली, तिकडं मामाचा दर दहा मिनिटाला फोन, ‘झाला का? किती राह्यला?’ मंग रजा टाकली, आईला सांगितलं, फोन बंद केला अन् गेलो. कुठं? जांब समर्थला. हसू नका. देऊळ हाय, सावली हाय, दोन घास मिळतात, एवढंच माझ्या डोक्यात. हे गाव ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळालेल्या समर्थांचं, हे डोक्यात आलंच न्हाई. आईनं मामाला सांगितलं, मामानं गावाला, अन् मस्तगडला पोरीच्या घरी बराबर आलं डोक्यात, ‘पोरगी बघितली अन् पोरगा थेट जांबला? अजून काय कळवायचं राह्यलं?’ अरे पण मला फक्त शांतपणे विचार करायचा होता...

चार दिवस केला. बिलकुल पक्कं ठरवलं, हीच पोरगी. यष्टीत बसून फोन चालू केला तर तिचाच फोन.

‘बाबांनी आज सकाळी दुसऱ्यांना हो म्हणून सांगितलं. चार दिवस मीच अडवून धरलं होतं. तुम्हाला सात वेळा फोन लावला.’

म्हणलं, अहो, तुमचाच विचार करत होतो, शांतपणे, म्हणून बंद ठेवला.

‘माझाच विचार ना? मग मला एकदा तरी काही विचारावंसं वाटलं का?’

‘बसा आता शांत,’ म्हणाली, अन् फोन ठेवला.

तवापासून बघा, मामाचा फोन न्हाई, आई बोलत न्हाई, घरात इतकी शांतता हाय, इतकी शांतता हाय... अन् विचार करायला काही उरलंच न्हाई.